संथ लिम्फोमा आक्रमक होतोय अशी शंका आली तर: तपासणीपासून उपचारापर्यंत

फॉलिक्युलर लिम्फोमा (लसिका ग्रंथींमधल्या पेशींचा कर्करोग) किंवा सीएलएल (क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, तशाच पेशींचा रक्ताचा कर्करोग) असलेल्या रुग्णाला बहुतेक वेळा निदानाच्या वेळीच सांगितलेलं असतं की आजार संथ आहे, घाई नाही, लक्ष ठेवून राहू. अनेकांची वर्षंच्या वर्षं तशी जातात. काहींच्या बाबतीत मात्र मध्येच आजाराची चाल बदलते. एखादी गाठ भराभर वाढते, ताप येतो, रक्ताचे आकडे बिघडतात, आणि डॉक्टर 'ट्रान्सफॉर्मेशन' हा शब्द उच्चारतात. म्हणजे संथ बी-पेशी लिम्फोमाचं आक्रमक लिम्फोमात रूपांतर. बी-पेशी म्हणजे प्रतिद्रव्यं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी.

असा शब्द कानावर पडला की घरात पहिला प्रश्न येतो, 'आता औषध कोणतं?' माझ्या मते तो प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा की कोणत्या गाठीचा तुकडा तपासायचा आणि तो कसा काढायचा. ती पायरी चुकली तर पुढचं महागडं औषधसुद्धा भलत्याच आजारावर दिलं जाऊ शकतं. म्हणून या लेखात बायोप्सीवर मुद्दाम जास्त लिहिलं आहे.

रूपांतर होतं म्हणजे काय होतं

फॉलिक्युलर लिम्फोमात बहुतेक रुग्णांच्या बी-पेशींमध्ये गुणसूत्र १४ आणि १८ यांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. त्यामुळे बीसीएल-२ हे प्रथिन जास्त तयार होतं आणि पेशी वेळ झाली तरी मरत नाही. ती फार वेगाने वाढतेय असं नाही, पण मरत नसल्याने साठत जाते. आजार संथ असतो तो यामुळे. पुढे त्यातल्या एखाद्या पेशीत आणखी बिघाड होतात. टीपी५३ हा पेशीवरचा पहारेकरी जनुक निकामी होतो, सीडीकेएन२ए गळून जातो, किंवा वाढीला चालना देणारा एमवायसी जनुक मोकाट सुटतो. त्या एका पेशीची संतती वेगाने वाढू लागते. सूक्ष्मदर्शकाखाली ती बहुतेक वेळा डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमासारखी दिसते. त्याचं लघुरूप डीएलबीसीएल.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. हा बदल सगळ्या शरीरात एकदम होत नाही. मानेतली गाठ जुनी संथच राहील आणि पोटातली गाठ आक्रमक झालेली असेल, असं अगदी शक्य आहे. एकाच गाठीच्या एका कोपऱ्यात संथ आणि दुसऱ्या कोपऱ्यात आक्रमक आजार असंही सापडतं.

फॉलिक्युलर लिम्फोमात रूपांतराचं प्रमाण साधारण दरवर्षी २ ते ३ टक्के धरलं जातं. सीएलएलमध्ये याला रिश्टर ट्रान्सफॉर्मेशन म्हणतात. मॉरिस रिश्टर यांनी १९२८ साली अशा रुग्णाचं वर्णन केलं, त्यावरून हे नाव पडलं. सीएलएलच्या साधारण २ ते १० टक्के रुग्णांत ते केव्हातरी होतं. मार्जिनल झोन लिम्फोमा आणि वाल्डेनस्ट्रॉम या इतर संथ आजारांतही रूपांतर होऊ शकतं, पण कमी वेळा.

खाण्यापिण्यामुळे, दगदगीमुळे किंवा एखादी गोळी चुकल्यामुळे हे झालं, असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. 'तेव्हाच केमो घेतली असती तर' ही रुखरुखही बऱ्याच घरांत असते. लक्षणं नसलेल्या फॉलिक्युलर लिम्फोमात लगेच केमो दिलेले आणि लक्ष ठेवून थांबलेले, अशा दोन गटांची तुलना अनेक अभ्यासांत झाली आहे. थांबलेल्यांचं आयुष्य त्यामुळे कमी झालं नाही.

पायरी १: शंका कधी घ्यायची

संथ लिम्फोमातल्या गाठी थोड्या वाढतात, थोड्या कमी होतात. कधी औषधाविनाच आकसतात. तेवढ्यावरून घाबरायचं कारण नाही. शंका घ्यायची ती वेगावरून आणि विसंगतीवरून. बाकी सगळ्या गाठी जिथल्या तिथे आहेत आणि एकच गाठ दोन-तीन आठवड्यांत दुपटीने वाढली, तर ते वागणं संथ आजाराचं नाही.

सोबत या गोष्टी बघा. कारण सापडत नसलेला ३८ अंश सेल्सियसच्या वरचा ताप. रात्री इतका घाम की कपडे किंवा चादर बदलावी लागते. सहा महिन्यांत वजनात १० टक्के किंवा जास्त घट, प्रयत्न न करता. लसिका ग्रंथींच्या बाहेर, म्हणजे हाडात, यकृतात, त्वचेत किंवा आतड्यात नव्याने काही सापडणं. रक्तात एलडीएच, म्हणजे पेशी फुटल्या की रक्तात येणारं एन्झाइम, एकदम चढणं. कॅल्शियम वाढणं. कॅल्शियमची चाहूल घरीही लागते. सारखी तहान, बद्धकोष्ठता, गळाठा आणि कधी बोलण्यात गोंधळ.

यातलं एकटंदुकटं लक्षण पुरावा होत नाही. रक्ताचा नमुना काढताना किंवा नेताना पेशी फुटल्या तरी एलडीएच वाढलेला येतो. यकृताच्या आजारातही वाढतो. क्षयरोगात गाठही वाढते, तापही येतो आणि रात्री घामही येतो. सीएलएलसाठी इब्रुटिनिबसारखी बीटीके (बी-पेशीला वाढीचा निरोप देणारं प्रथिन) रोखणारी गोळी चालू असेल आणि ती काही कारणाने थोडे दिवस बंद ठेवली असेल, तर गाठी झपाट्याने वाढतात आणि हुबेहूब रिश्टरसारखं चित्र उभं राहतं. गोळी पुन्हा सुरू केली की ते ओसरू शकतं. म्हणून डॉक्टरांना भेटाल तेव्हा कोणती गोळी केव्हापासून केव्हापर्यंत बंद होती हे न विचारता सांगा. दाताच्या उपचारासाठी चार दिवस थांबवलेली गोळी नोंदीत कुठेच नसते.

गाठीची नोंद ठेवायची तर दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी, एकाच माणसाने, टेपने मोजून ठेवावी. 'लिंबाएवढी' किंवा 'आधीपेक्षा मोठी' यावरून कुणालाच वेग कळत नाही. दिवसातून दहा वेळा दाबून बघू नका. दाबल्याने ती दुखते, आणि दुखते म्हणून पुन्हा दाबली जाते.

शंका आली तर पुढच्या नेहमीच्या तारखेची वाट न बघता त्याच आठवड्यात डॉक्टरांना कळवा. चेहरा आणि मान सुजून दम लागत असेल, पायांतली ताकद जात असेल, लघवी अडली असेल किंवा माणूस असंबद्ध बोलत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

पायरी २: तुकडा काढेपर्यंत स्टेरॉइड नको

गाठीच्या सुजेवर आणि तापावर कुणीतरी प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन लिहून देतं. दोन दिवसांत गाठ मऊ पडते, रुग्णाला हुशारी वाटते, सगळे सुटकेचा श्वास सोडतात. पण स्टेरॉइडने लिम्फोमाच्या पेशी मरतात. त्यानंतर काढलेल्या तुकड्यात नुसत्या मेलेल्या पेशी मिळतात आणि अहवाल येतो, 'निदान करता येत नाही.' मग गाठ पुन्हा वाढेपर्यंत थांबा आणि पुन्हा शस्त्रक्रिया करा.

श्वासनलिका किंवा मणक्यातला मज्जारज्जू दाबला जात असेल तर जीव वाचवण्यासाठी स्टेरॉइड द्यावंच लागतं, तिथे वाद नाही. एरवी कुणी स्टेरॉइड लिहिलं तर स्पष्ट विचारा, 'बायोप्सी व्हायची आहे, ती होईपर्यंत थांबता येईल का?'

पायरी ३: पेट स्कॅन, पण निकाल म्हणून नव्हे

पेट स्कॅनमध्ये साखरेसारखा किरणोत्सर्गी पदार्थ शिरेतून देतात. ज्या पेशी जास्त साखर खातात त्या चमकतात. ही चमक एसयूव्ही या आकड्यात मोजली जाते. संथ आजारात आकडा सहसा कमी असतो, आक्रमक आजारात जास्त. फॉलिक्युलर लिम्फोमात एखाद्या गाठीचा आकडा १० च्या वर गेला की कान टवकारले जातात. सीएलएलमध्ये उंबरठा त्याहून खाली, साधारण ५ धरतात. त्याखालचा आकडा असेल तर रिश्टरची शक्यता बरीच कमी होते.

पण आकडा म्हणजे निदान नव्हे. क्षयरोगाची गाठ झगझगीत चमकते. नुकतीच लस घेतली असेल तर त्या बाजूच्या काखेतली ग्रंथी चमकते. पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन घेतलं असेल तर सगळा अस्थिमज्जा उजळतो. हे सगळं स्कॅनच्या आधी तिथल्या माणसाला सांगा. चार ते सहा तास उपाशी राहायचं असतं, पाणी चालतं. आदल्या दिवशी जोराचा व्यायाम टाळा. मधुमेह असेल तर साखर आणि इन्सुलिनचं काय करायचं हे स्कॅन केंद्राला आदल्या दिवशीच फोन करून विचारा, कारण साखर फार चढलेली असेल तर स्कॅन रद्द होतो.

या स्कॅनचा खरा उपयोग तुकडा कुठून घ्यायचा हे ठरवण्यासाठी आहे. अहवाल हातात आला की 'सगळ्यात जास्त एसयूव्ही कोणत्या गाठीचा?' एवढं शोधा आणि ती ओळ अधोरेखित करून ठेवा.

पायरी ४: बायोप्सी

समजा, एका रुग्णाच्या मानेत चार वर्षांपासून सव्वा सेंटिमीटरची गाठ आहे. आता पोटात मोठ्या रक्तवाहिनीशेजारी सहा सेंटिमीटरचा गठ्ठा सापडला आहे. मानेतल्या गाठीचा एसयूव्ही ४, पोटातल्या गठ्ठ्याचा १९. मानेतली गाठ भूल देऊन अर्ध्या तासात निघते. पोटात शिरायचं म्हणजे सीटी स्कॅनवर बघत सुई घालावी लागते, त्यासाठी वेगळी वेळ घ्यावी लागते. साहजिकच मानेतली गाठ काढली जाते. अहवाल येतो, 'फॉलिक्युलर लिम्फोमा, ग्रेड १-२.' म्हणजे संथच. घरात आनंद होतो. अहवाल खोटा नाही, पण तो मानेचा आहे. पोटात काय चाललंय याबद्दल तो अवाक्षर बोलत नाही.

म्हणून हाताला सहज लागणारी गाठ सोडून सर्वात जास्त चमकणारी किंवा सर्वात वेगाने वाढणारी गाठ निवडली आहे ना, हे शस्त्रक्रियेच्या आधी विचारा. प्रश्न अगदी सरळ असू द्या: 'पेट स्कॅनमधली सगळ्यात तेजस्वी गाठ हीच का? नसेल तर ती का घेता येत नाही?' कधी उत्तर खरंच पटण्यासारखं असतं. ती गाठ मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेली असते, तिथे जाणं धोक्याचं असतं. मग दुसऱ्या क्रमांकाची गाठ घेतात. पण तो निर्णय विचारपूर्वक झालेला असावा, सोय म्हणून झालेला नसावा.

आता तुकडा कसा काढायचा. अख्खी गाठ काढणं उत्तम, कारण पेशींची मांडणी जशीच्या तशी बघायला मिळते. ते शक्य नसेल तर जाड सुईने कोअर बायोप्सी, आणि तीही एकच कांडी घेऊन थांबू नये, अनेक कांड्या घ्याव्यात. बारीक सुईने नुसत्या पेशी ओढून घ्यायची एफएनएसी इथे पुरत नाही. तिच्यात सुट्या पेशी मिळतात, मांडणी हरवते. रूपांतर ओळखायचं तर मोठ्या पेशी झुंडीने पसरल्या आहेत की गोलाकार पुंजक्यांतच बसल्या आहेत हे दिसायला हवं. एफएनएसीमध्ये काही सापडलं नाही, म्हणून रूपांतर नाही असं मानू नका.

तुकडा काढल्यानंतरची दहा मिनिटं फार महत्त्वाची असतात, आणि त्यांच्याबद्दल रुग्णाला सहसा कुणी सांगत नाही. मोठा भाग फॉर्मालिनमध्ये जातो, त्यातून पॅराफिन मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड तयार होतात. पण क्षयरोगाचं कल्चर करायचं असेल तर त्यासाठीचा तुकडा फॉर्मालिनमध्ये पडता कामा नये. फॉर्मालिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर वाढत नाही. फ्लो सायटोमेट्रीसाठीही (पेशींवरची प्रथिनं ओळखणारी तपासणी) ताजा, जिवंत पेशींचा तुकडा लागतो. म्हणजे शस्त्रक्रियेच्या खोलीत वेगवेगळ्या डब्या आधीच तयार हव्यात. आदल्या दिवशी शल्यविशारद आणि पॅथॉलॉजी प्रयोगशाळा यांचं बोलणं झालंय का, एवढं विचारलं तरी पुष्कळ काम होतं.

अर्जावर 'लिम्फ नोड बायोप्सी' एवढंच लिहिलेलं मी पाहिलेलं आहे. त्याने पॅथॉलॉजिस्टला काहीच कळत नाही. त्यावर जुनं निदान आणि साल, आधीचे उपचार, सध्याची औषधं, एलडीएच, या गाठीचा एसयूव्ही आणि 'रूपांतराची शंका' हे शब्द असायला हवेत. जुने ब्लॉक आणि स्लाइड दुसऱ्या रुग्णालयात असतील तर तेही मागवून घ्या. जुना आणि नवा तुकडा शेजारी ठेवून बघण्यासारखं दुसरं काही नाही.

रक्त पातळ करायची औषधं चालू असतील तर ती किती दिवस आधी थांबवायची हे विचारा. बीटीके रोखणाऱ्या गोळीनेही रक्तस्राव वाढतो, त्यामुळे ती शस्त्रक्रियेच्या आधी काही दिवस बंद ठेवतात. पण ती बंद केल्याने गाठी उसळू शकतात हे वर आलंच आहे. म्हणून तो काळ जितका कमी तितका बरा, आणि गोळी पुन्हा कोणत्या दिवशी सुरू करायची हे घरी जाण्याआधी लिहून घ्या.

पायरी ५: अहवाल वाचताना

अहवालातला प्रत्येक शब्द समजण्याची गरज नाही, पण काही जागा ओळखता आल्या पाहिजेत.

सर्वात आधी वर्णन. फॉलिक्युलर लिम्फोमात गोल गोल पुंजके एकमेकांना चिकटून बसलेले दिसतात, आत बहुतेक लहान, वाकड्यातिकड्या केंद्रकांच्या पेशी. रूपांतर झालं की पुंजक्यांच्या कडा विरघळतात आणि मोठ्या पेशींचे सलग थर पसरतात. त्यांचं केंद्रक साध्या लिम्फोसाइटच्या दुपटीहून मोठं असतं. 'शीट्स ऑफ लार्ज सेल्स' हे शब्द अहवालात आले तर त्याचा अर्थ हा.

मग केआय-६७. सध्या किती टक्के पेशी विभाजनाच्या तयारीत आहेत हे तो आकडा सांगतो. संथ फॉलिक्युलर लिम्फोमात तो बहुतेक वेळा २० टक्क्यांच्या आत असतो, आक्रमकात बराच वर जातो. पण नुसत्या केआय-६७वर निदान ठरत नाही. सीएलएलमध्ये 'ॲक्सेलरेटेड सीएलएल' नावाची मधली अवस्था असते. विभाजनाची केंद्रं रुंदावलेली असतात, आकडाही चढलेला असतो, पण ते रिश्टर नव्हे. अहवालात 'सजेस्टिव्ह' किंवा 'कॅनॉट रूल आउट' असे शब्द असतील तर स्लाइड लिम्फोमाचं काम नियमित करणाऱ्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. दुसरं मत मागणं हा पहिल्यावर अविश्वास नाही, या आजारात ती रीतच आहे.

पेशींवर सीडी२० हे प्रथिन आहे का ते बघा, कारण रिटुक्सिमॅब हे उपचारातलं प्रतिद्रव्य-औषध त्यालाच चिकटतं. फिश ही तपासणी झाली का, तेही बघा. त्यात एमवायसी, बीसीएल-२ आणि बीसीएल-६ या जनुकांची तोडजोड शोधतात. एमवायसी आणि बीसीएल-२ दोन्ही तुटलेले असतील तर त्याला डबल-हिट म्हणतात. फॉलिक्युलर लिम्फोमात बीसीएल-२ आधीपासूनच हललेला असल्यामुळे त्यात एमवायसीची भर पडली की डबल-हिट होतं. त्याने उपचाराची निवड बदलू शकते, म्हणून ही तपासणी मागून घ्या.

सीएलएलच्या रुग्णांसाठी आणखी एक: नवा लिम्फोमा जुन्या सीएलएलच्याच वंशातला आहे का? साधारण पाचातल्या चार रुग्णांत तो असतो. नसेल, तर तो वेगळाच नवा लिम्फोमा ठरतो आणि उपचाराला बराच चांगला प्रतिसाद देतो. जुन्या आणि नव्या पेशींमधल्या आयजीएचव्ही जनुकाची जुळवणी करून हे कळतं. ही तपासणी सगळीकडे होत नाही, पण विचारायलाच हवी.

पायरी ६: उपचाराआधीची तयारी

आक्रमक आजारात दिवस वाया घालवायचे नसतात, पण काही तपासण्या गाळून चालत नाहीत.

हेपेटायटिस बी ही त्यात पहिली. पूर्वी कधीतरी होऊन गेलेला विषाणू यकृतात निपचित पडलेला असतो आणि रिटुक्सिमॅबने तो जागा होतो. त्यातून यकृत निकामी होऊन मृत्यू ओढवू शकतो. एचबीएसएजी (विषाणू सध्या अंगात आहे का) निगेटिव्ह आला म्हणून काम संपत नाही, अँटी-एचबीसी (तो पूर्वी येऊन गेला का) ही तपासणीही हवी. ती पॉझिटिव्ह असेल तर एन्टेकाविर किंवा टेनोफोविर ही विषाणू दाबणारी गोळी सुरू करतात आणि रिटुक्सिमॅबच्या शेवटच्या डोसनंतर निदान वर्षभर चालू ठेवतात. केमो संपली म्हणून ही गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

हृदयाचा इको दुसरा. केमोतल्या डॉक्सोरुबिसिनचा हृदयावर परिणाम होतो आणि तो आयुष्यभराचा हिशेब असतो. आर-चॉप या केमोच्या (ती पायरी ७ मध्ये येईल) एका फेरीत शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे ५० मिलिग्रॅम जातं, म्हणजे सहा फेऱ्यांत ३००. आयुष्यभराची मर्यादा साधारण ४५० ते ५५० धरतात. पाच वर्षांपूर्वी सहा फेऱ्या घेऊन झाल्या असतील तर पुन्हा तेवढ्याच घेता येत नाहीत. म्हणून जुन्या केमोचे कागद शोधा, औषधाचं नाव आणि डोस दोन्ही असलेले.

तरुण रुग्णांनी मूल होण्याचा विषय पहिल्या केमोच्या आधी काढावा. डॉक्टर गडबडीत विसरतात, घरचे संकोचाने बोलत नाहीत, आणि वेळ निघून जाते. वीर्य साठवायला एक-दोन दिवस पुरतात. स्त्रीबीज साठवायला जास्त लागतात, म्हणून तो प्रश्न आणखी लवकर.

गाठींचा भार मोठा असेल तर पहिल्या फेरीत पेशी एकदम मरतात आणि त्यांच्यातलं पोटॅशियम, फॉस्फेट, युरिक आम्ल रक्तात सुटतं. मूत्रपिंडं बंद पडू शकतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. त्यासाठी ॲलोप्युरिनॉल आधी सुरू करतात, सलाइन देतात आणि दिवसातून अनेकदा रक्त तपासतात. धोका जास्त असेल तर रास्ब्युरिकेज देतात, पण जी६पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्यांना ते चालत नाही. म्हणून ती तपासणी आधी.

पायरी ७: उपचाराची वाट कशी ठरते

वाट ठरते ती मुख्यतः एका गोष्टीवर, आजवर तुम्ही काय काय घेतलं आहे.

फॉलिक्युलर लिम्फोमा होता, आतापर्यंत फक्त लक्ष ठेवलं होतं आणि आता रूपांतर झालं, तर परिस्थिती त्यातल्या त्यात चांगली म्हणायची. सहसा आर-चॉप देतात: रिटुक्सिमॅब, सायक्लोफॉस्फमाइड, डॉक्सोरुबिसिन, व्हिन्क्रिस्टिन आणि प्रेडनिसोलोन, दर २१ दिवसांनी, सहा फेऱ्या. नव्याने झालेल्या डीएलबीसीएलसारखाच हा उपचार. डबल-हिट असेल तर काही ठिकाणी यापेक्षा तीव्र, चार दिवस सलग शिरेतून चालणारी पद्धत वापरतात.

डॉक्सोरुबिसिन आधीच होऊन गेलं असेल तर वेगळी औषधं लागतात, बहुतेक प्लॅटिनम गटातली. त्याने आजार हटला आणि प्रकृती साथ देत असेल तर रुग्णाच्याच रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी काढून, केमोचा मोठा डोस देऊन, त्या परत देतात. त्याला ऑटोलोगस प्रत्यारोपण म्हणतात. दुसरी वाट कार-टी पेशींची. रुग्णाच्या टी-पेशी (शत्रू पेशींना मारणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढून त्यांना लिम्फोमाच्या पेशीवरचं सीडी१९ हे प्रथिन ओळखायला शिकवतात आणि परत शरीरात सोडतात. २०१७ साली अमेरिकेत मोठ्या पेशींच्या लिम्फोमासाठी या उपचाराला पहिली मंजुरी मिळाली तेव्हाच फॉलिक्युलरमधून रूपांतर झालेले रुग्णही त्यात होते. पुढे कार-टी करायची शक्यता असेल तर टी-पेशी गोळा होईपर्यंत बेंडाम्युस्टिन हे केमोचं औषध टाळलेलं बरं, त्याने टी-पेशी खचतात. हे पहिल्याच बैठकीत बोलायला हवं, नाहीतर दार आपणच अर्धं लावून घेतो. यांच्या जोडीला आता ग्लोफिटामॅब आणि एपकोरिटामॅब ही दुहेरी पकडीची प्रतिद्रव्यं आली आहेत. ती एका हाताने लिम्फोमाची पेशी आणि दुसऱ्या हाताने टी-पेशी धरतात.

सीएलएलच्याच वंशातलं रिश्टर मात्र कठीण असतं, हे लपवून उपयोग नाही. आर-चॉपचा प्रतिसाद अनेकदा अपुरा किंवा अल्पकाळाचा असतो. ज्यांना प्रतिसाद मिळतो आणि प्रकृती पेलू शकते, त्यांच्यासाठी दात्याच्या पेशींचं प्रत्यारोपण लवकर विचारात घेतात, कारण मिळालेला प्रतिसाद टिकवायचा असतो. अशा वेळी मोठ्या केंद्रात चालू असलेल्या क्लिनिकल ट्रायलची चौकशी अगदी सुरुवातीलाच करावी. सगळे उपाय थकल्यावर चौकशी केली तर अनेकदा रुग्ण ट्रायलच्या अटींत बसत नाही.

जुन्या पुस्तकांत रूपांतरानंतरचं आयुष्य एक-दोन वर्षांचं लिहिलेलं असतं. ते आकडे रिटुक्सिमॅबच्या आधीचे आहेत. त्यानंतर चित्र सुधारलं आहे, विशेषतः ज्यांनी आधी फारसे उपचार घेतलेले नाहीत त्यांच्यासाठी.

पायरी ८: केमोच्या काळात घरी

यात एकच गोष्ट जिवावरची आहे. ताप.

केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्या काळात एकदा जरी ३८.३ अंश सेल्सियस, म्हणजे १०१ फॅरनहाइट ताप आला, किंवा ३८ अंश तासभर राहिला, तरी रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत बघू, असं करू नका. पॅरासिटामॉलने आकडा उतरतो, जंतू तिथेच राहतात. थर्मामीटर, रुग्णालयाचा रात्रीचा नंबर, केमोची तारीख लिहिलेला कागद आणि औषधांची यादी एका पिशवीत तयार ठेवा. तातडीच्या विभागातल्या डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगा: 'केमो चालू आहे, ताप आलाय.' रांगेत बसून राहू नका.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. डॉक्सोरुबिसिननंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, ते रक्त नव्हे. प्रेडनिसोलोन सकाळी खाऊन घ्या, रात्री घेतलं तर झोप उडते. मधुमेह असेल तर ते घेण्याच्या पाच दिवसांत साखर भडकते. व्हिन्क्रिस्टिनने बद्धकोष्ठता होते आणि बोटांना मुंग्या येतात. शर्टाचं बटण लावणं जमेनासं झालं तर पुढच्या फेरीआधी सांगा, डोस बदलता येतो.

पायरी ९: उपचार संपल्यावर

मधल्या फेऱ्यांनंतर एकदा आणि शेवटच्या फेरीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी पेट स्कॅन करतात. निकाल डोव्हिल मापात १ ते ५ असा येतो. १ ते ३ म्हणजे चयापचयाच्या दृष्टीने आजार दिसत नाही. ४ किंवा ५ आला तर उपचार फसला असं लगेच ठरवू नका. जमेल तिथे पुन्हा तुकडा घेऊन बघावा, कारण संसर्ग आणि सूजही तशीच चमकते.

आक्रमक भाग पूर्ण बरा होऊनही मूळचा संथ आजार शरीरात राहू शकतो आणि काही वर्षांनी संथ म्हणूनच परत येऊ शकतो. तेव्हा गाठ पुन्हा आली की 'पुन्हा तेच' असं गृहीत धरू नये. संथ परत आला असेल तर कदाचित नुसतं लक्ष ठेवून भागेल. आक्रमक परत आला असेल तर कार-टीसारखा उपचार लागेल. दोन्हींतला फरक गाठीला हात लावून कळत नाही, तिथेही बायोप्सीच करावी लागते. म्हणून या वेळचे ब्लॉक आणि स्लाइड कुठल्या प्रयोगशाळेत, कोणत्या क्रमांकाने जपले आहेत, तो क्रमांक फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. रिटुक्सिमॅबनंतर प्रतिद्रव्यं बराच काळ कमी राहतात. त्यामुळे जिवंत जंतूंच्या लसी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. फ्लू आणि न्यूमोनियाच्या निष्क्रिय लसी मात्र त्यांनी सांगितलेल्या वेळी चुकवू नका.